रद्द, निरसित की शून्य? कायदे आणि करार संपवण्याची भाषा, नवख्यांसाठी

मराठी बातमीत सगळंच ‘रद्द’ होतं. पावसात लोकल रद्द, कृषी कायदे रद्द, शासन निर्णय रद्द, फ्लॅटचं बुकिंग रद्द आणि सिंधू जलकरारसुद्धा ‘रद्द’. गप्पा मारताना हा शब्द झकास चालतो. पण नोटीस, ठराव, टिपणी किंवा दाव्यातली मागणी लिहायला बसलात की तोच अंगाशी येतो. समोरचा वकील लगेच विचारतो: रद्द म्हणजे नक्की काय? आजपासून संपलं, की मुळात नव्हतंच? आणि रद्द करणारे तुम्ही कोण?

वकिलाच्या ऑफिसात नुकताच लागलेला ज्युनियर, सोसायटीचा नवा सेक्रेटरी, तालुक्याच्या बातम्या देणारा वार्ताहर, मंत्रालयातल्या कक्षात पहिली टिपणी लिहिणारा लिपिक, अशांसाठी हा लेख आहे. शब्द पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारायचे: संपवण्याचा अधिकार कोणाला, कोणत्या तारखेपासून, आणि संपल्यावर मागे काय उरतं. उत्तरं मिळाली की योग्य शब्द आपोआप सापडतो.

पायरी १: हातातला कागद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

अधिनियम, अध्यादेश, नियम, अधिसूचना, शासन निर्णय, महासभेचा ठराव, न्यायालयाचा आदेश, करार, नोंदणीकृत दस्त, मृत्यूपत्र. यातला प्रत्येक कागद वेगळ्या हाताने तयार होतो आणि बहुतेक वेळा त्याच हाताने संपतो. नियम, आदेश, अधिसूचना काढण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याला त्या बदलण्याचा किंवा मागे घेण्याचाही अधिकार असतो, असं १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (इंग्रजीत जनरल क्लॉजेस ॲक्ट) कलम २१ सांगतं. मात्र दोन्ही बाजू ऐकून दिलेल्या निकालाला हे लागू नाही. तहसीलदाराने सुनावणी घेऊन दिलेला आदेश त्याला स्वतःलाच दुसऱ्या दिवशी ‘रद्द’ करता येत नाही. कायद्याने पुनर्विलोकनाचा अधिकार दिला असेल तरच ते जमतं, नाहीतर अपील.

फरक कळायला दोन ताजी प्रकरणं शेजारी ठेवा. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी तीन कृषी कायदे मागे घेत असल्याचं जाहीर केलं. पेढे वाटले गेले, पण कायदे त्या दिवशी गेले नव्हते. २९ नोव्हेंबरला संसदेच्या दोन्ही सभागृहांनी निरसनाचं विधेयक मंजूर केलं, ३० तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तेव्हा ते गेले. आता पहिलीपासून हिंदीचा वाद घ्या. १६ एप्रिल आणि १७ जून २०२५ चे दोन शासन निर्णय रद्द करत असल्याचं मुख्यमंत्र्यांनी २९ जूनला सांगितलं. त्यासाठी विधिमंडळात मतदान घ्यावं लागलं नाही. शासन निर्णय हा सरकारचा स्वतःचा आदेश, तो दुसऱ्या शासन निर्णयाने जातो. बातमी लिहिताना पहिल्या प्रकरणात ‘कायदे मागे’ हा मथळा राजकीय भाषा म्हणून ठीक आहे. कायद्याच्या भाषेत विधेयक मागे घेतात आणि कायद्याचं निरसन करतात.

महापालिकेच्या ठरावांना आणखी वेगळा शब्द आहे: विखंडित. महासभेचा ठराव कायद्याविरुद्ध किंवा जनहिताविरुद्ध वाटला, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार तो आधी निलंबित करतं, महापालिकेला म्हणणं मांडायची संधी देतं आणि मग विखंडित करतं. त्यामुळे ‘नगरविकास विभागाने ठराव निलंबित केला’ ही बातमी आली की खेळ संपला असं लिहू नका, तो मध्यावर आहे.

शासन निर्णयांत रोज भेटणारा शब्द म्हणजे अधिक्रमित. ‘संदर्भ क्र. १ येथील शासन निर्णय याद्वारे अधिक्रमित करण्यात येत आहे’ याचा अर्थ जुन्याच्या जागी नवा बसला, विषय चालूच आहे. नुसतं ‘रद्द करण्यात येत आहे’ असेल, तर जागा रिकामी झाली. आणि शुद्धिपत्रकाने काहीच रद्द होत नाही, फक्त मजकूर दुरुस्त होतो. पत्रव्यवहारात जुन्या शासन निर्णयाचा हवाला देण्याआधी तो अधिक्रमित झालाय का हे संकेतस्थळावर तपासा. निम्मे अर्ज या एका कारणाने परत येतात असं मला वाटतं.

पायरी २: निरसन वाचताना शेवटचं कलम आधी वाचा

अधिनियम संपतो तेव्हा निरसन हा शब्द. संपलेला कायदा निरसित. ‘निरसन आणि व्यावृत्ती’ असा मथळा असलेलं कलम बहुधा नव्या कायद्याच्या अगदी शेवटी असतं. निरसन म्हणजे काय गेलं, आणि व्यावृत्ती म्हणजे गेल्यातून काय राखून ठेवलं. नवखा माणूस पहिला भाग वाचतो आणि थांबतो. पक्षकाराचं हित बहुतेक वेळा दुसऱ्या भागात असतं.

भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून गेली, भारतीय न्याय संहिता आली. पण त्याआधी केलेल्या गुन्ह्याचं काय? न्याय संहितेचं कलम ३५८ सांगतं की जुन्या संहितेखालची शिक्षा, दायित्व, तपास आणि खटले तसेच चालू राहतील. म्हणून जून २०२४ मधल्या मारामारीचा खटला आजही जुन्याच संहितेच्या कलमांखाली चालतो. मुंबईकरांना जवळचं उदाहरण भाड्याचं. १९४७ चा मुंबई भाडे कायदा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने निरसित केला आणि नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५८ ने जुन्या कायद्याखालचे प्रलंबित दावे वाचवले. गिरगावातल्या जुन्या चाळीची फाईल उघडली आणि तिच्यात निरसित कायद्याची कलमं दिसली, तर लगेच पेन्सिलीने खोडू नका.

सगळ्यात बोधक प्रकरण मात्र नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचं, म्हणजे शहरातली जमीन किती ठेवता येईल यावर मर्यादा घालणाऱ्या, बोलीतल्या ‘यूएलसी’चं. कायदा १९७६ चा. संसदेने १९९९ मध्ये निरसन अधिनियम केला, पण विषय राज्यांचा असल्यामुळे प्रत्येक राज्याने ठराव करून तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने तो स्वीकारला २९ नोव्हेंबर २००७ रोजी. म्हणजे हरियाणा-पंजाबात कायदा गेला आणि इथे तो पुढची आठ वर्षं जिवंत राहिला. ‘कायदा १९९९ ला रद्द झाला’ असं महाराष्ट्रातल्या जमिनीबद्दल लिहिणाऱ्याचा तर्क पहिल्याच वाक्यात कोसळतो.

पुढची गंमत व्यावृत्तीत आहे. ज्या जादा जमिनीचा ताबा सरकारने आधीच घेतला होता, ती सरकारकडेच राहिली. जिचा ताबा घेतला नव्हता, तिच्यावरची कार्यवाही संपली. पण सरकारने त्या जमिनीपोटी मालकाला पैसे दिले असतील, तर ते परत केल्याशिवाय जमीन मोकळी होत नाही. आणि कलम २० खाली काही अटींवर जमिनीला जी सूट दिली होती, ते आदेश वाचवले गेले. कायदा गेला तरी त्याखालच्या सवलतीच्या अटी उरल्या की नाही, यावर पुढे उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं झुंज झाली. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर यूएलसीचा शेरा दिसला, तर ‘कायदाच नाही आता’ असं सांगणाऱ्या दलालावर भिस्त ठेवू नका. शेरा कोणत्या कलमाखालचा आहे ते बघा.

नव्या कायद्यात व्यावृत्तीचं कलम नसेल तर? केंद्रीय कायद्यांना वाक्खंड अधिनियमाचं कलम ६ आणि राज्याच्या कायद्यांना महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १९०४ चं कलम ७ ती पोकळी भरून काढतं. वेगळा इरादा दिसत नसेल तर मिळालेले हक्क, अंगावर आलेलं दायित्व, झालेली शिक्षा, चालू असलेली कार्यवाही, यांना निरसनाने धक्का लागत नाही. त्यातच आणखी एक नियम आहे: निरसन करणाऱ्या कायद्याचं निरसन केलं, तरी पहिला कायदा जिवंत होत नाही. तो हवा असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

अख्खा कायदा न जाता त्याचा एखादा तुकडाच गेला, तर ‘वगळणे’ किंवा ‘च्या ऐवजी दाखल करणे’ हे शब्द येतात. कलम ३७० ‘रद्द झालं’ असं सर्रास म्हणतात, पण संविधानाच्या पुस्तकात अनुच्छेद ३७० आजही छापला जातो, फक्त ऑगस्ट २०१९ च्या राष्ट्रपतींच्या आदेशांनंतर त्यातला जुना मजकूर लागू राहिला नाही. (संविधानाच्या बाबतीत ‘अनुच्छेद’ आणि कायद्याच्या बाबतीत ‘कलम’ ही शिस्त लेखी कामात पाळा. बोलताना काहीही म्हणा.)

सत्ता बदलली म्हणून कायदा आपोआप जात नाही, हेही लक्षात असू द्या. संविधानाच्या अनुच्छेद ३९५ ने भारतीय स्वातंत्र्य अधिनियम, १९४७ आणि भारत शासन अधिनियम, १९३५ निरसित केले, पण बाकीचे इंग्रजी अमलातले कायदे अनुच्छेद ३७२ ने चालू ठेवले. गोव्यात तर पोर्तुगीज गेल्यावरही त्यांचा १८६७ चा नागरी कायदा राहिला, कारण १९६२ च्या प्रशासन अधिनियमाने प्रचलित कायदे बदल किंवा निरसन होईपर्यंत सुरू ठेवले. वेंगुर्ल्याचा वकील पेडण्यातल्या जुन्या वारसाहक्काची केस घेतो तेव्हा त्याला हे पहिल्याच दिवशी कळतं.

कोणी वापरत नाही म्हणून कायदा मरतो का? सहसा नाही, म्हणूनच २०१४ नंतर केंद्राला १५०० हून अधिक कालबाह्य कायदे निरसन अधिनियम करून काढावे लागले. अपवाद आहे, आणि तो पुण्याचा: महापालिका विरुद्ध भारत फोर्ज या १९९५ च्या जकातीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दीर्घकाळ न वापरल्याने कायदा निष्प्रभ होऊ शकतो हे तत्त्व मान्य केलं. या अपवादाच्या जोरावर अशिलाला भरवसा मात्र देऊ नका.

पायरी ३: न्यायालय निरसन करत नाही

न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवतं, तो शून्य असल्याचं जाहीर करतं. शासनाची अधिसूचना असेल तर ती अधिकारबाह्य म्हणून रद्दबातल ठरवतं. खालच्या न्यायालयाचा निकाल असेल तर तो रद्द करतं. इंग्रजीतून शब्दशः उतरवलेलं ‘निकाल बाजूला ठेवण्यात येत आहे’ हे वाक्य अजूनही अनुवादांत दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, निकाल कपाटात ठेवलाय, नंतर काढतील.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. निरसित कायदा काल खरा होता, आज नाही. घटनाबाह्य ठरलेला कायदा मूलभूत हक्कांना छेद देतो तितक्या मर्यादेत मुळातच शून्य. २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणूक आयोगाची घटनादुरुस्ती न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली तेव्हा न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडण्याची जुनी कॉलेजियम पद्धत आपोआप परत आली, कारण तिला हटवणारा कायदाच कधी वैध नव्हता. निरसनात असं घडत नाही, हे मागच्या पायरीत पाहिलंच.

दुसरी अडचण कागदाची. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ६६अ २४ मार्च २०१५ रोजी शून्य ठरलं. पण न्यायालय पुस्तकातली ओळ पुसत नाही. ओळ पुढे वर्षानुवर्षं तशीच राहिली, खाली फार तर बारीक टीप. परिणाम असा की ठाण्यांमध्ये त्याच कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदवले जात राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये असं पुन्हा सांगावं लागलं. म्हणून कलमाचा हवाला देण्याआधी दोन गोष्टी स्वतंत्रपणे तपासा: ते निरसित झालंय का, आणि ते शून्य ठरलंय का. पहिली गोष्ट अधिनियमाच्या अद्ययावत प्रतीत सापडते, दुसरीसाठी निकाल शोधावा लागतो.

पायरी ४: थांबलेलं आणि संपलेलं वेगळं ठेवा

स्थगिती म्हणजे अंमलबजावणी थांबली, कायदा जिवंत. कृषी कायद्यांना सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी स्थगिती दिली होती. निरसन दहा महिन्यांनी झालं, मधल्या काळात कायदे होते पण राबवता येत नव्हते. परवाना निलंबित झाला तर मुदतीनंतर परत मिळतो. रद्द झाला तर नव्याने अर्ज किंवा अपील.

सिंधू जलकरार १९६० चा. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. ‘रद्द’ हा सरकारचा शब्द नव्हता. करारातच म्हटलं आहे की दोन्ही देश नवा, रीतसर मान्य झालेला करार करून तो संपवेपर्यंत तो चालू राहील. अशा वेळी मथळ्यात ‘रद्द’ घातलं तर वाचकाची दिशाभूल होते.

अध्यादेश आणि विधेयकांसाठी व्यपगत हा शब्द. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेशाचा कायदा झाला नाही तर तो व्यपगत होतो, म्हणजे कोणी काही न करता आपोआप संपतो. सरकारने स्वतःहून त्याआधीच संपवला तर ‘मागे घेतला’ म्हणायचं. विधानसभा विसर्जित होते, अधिकारी बडतर्फ होतो, समिती बरखास्त होते. आणि प्रथा किंवा वतन नष्ट होतं: संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता ‘नष्ट’ केली, १९४९ च्या कायद्याने कोकणातली खोती गेली. इथे निरसन म्हणणं चुकीचं, कारण खोती हा कायदा नव्हता, जमिनीवरची एक व्यवस्था होती आणि ती मोडायलाच कायदा करावा लागला.

पायरी ५: करार. आधी शून्य की शून्यनीय ते ठरवा

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ हा इथला पाया. कायद्याच्या दृष्टीने जो करार कधी उभाच राहिला नाही, तो शून्य. पंधरा वर्षांच्या मुलाने सही केलेला करार शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्येच ठरवून टाकलं. जुगाराचा करार शून्य. ‘नोकरी सोडल्यावर आयुष्यभर हा धंदा करणार नाही’ ही अट कलम २७ खाली शून्य. असा करार ‘रद्द’ करायचा नसतो, तो शून्य आहे एवढंच दाखवायचं असतं.

शून्यनीय, काही भाषांतरांत शून्यकरणीय, म्हणजे ज्याची संमती धमकीने, फसवणुकीने, चुकीच्या माहितीने किंवा दबावाने घेतली गेली, त्याच्या मर्जीवर टिकणारा करार. त्याने मोडेपर्यंत तो पूर्ण वैध. समोरच्याला, म्हणजे फसवणाऱ्याला, तो मोडण्याचा हक्क नाही. म्हणून नोटिशीत ‘करार शून्य आहे’ आणि ‘करार शून्यनीय असून आम्ही तो विखंडित करत आहोत’ यातलं एकच लिहा. फसवणूक कळल्यावरही हप्ते घेत राहिलात तर करार मान्य केल्यासारखं होतं आणि शून्यनीयतेचा हक्क हातचा जातो.

आता दोन जुळ्या शब्दांकडे. विखंडन मागे पाहतं: करार झालाच नसता तर दोघं जिथे असते तिथे त्यांना नेऊन ठेवणं. त्यामुळे घेतलेला फायदा परत करावा लागतो, कलम ६४ आणि ६५ तेच सांगतात. समाप्ती, म्हणजे करार संपुष्टात आणणं, पुढे पाहतं: आजवरचं देणंघेणं कायम, उद्यापासून नाही. लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट सोसायटी संपुष्टात आणते, विखंडित करत नाही. नाहीतर वर्षभर चाललेल्या लिफ्टचे पैसे परत मागण्याची पाळी आली असती. करारभंग हा तिसराच प्रकार. भंग झाला म्हणून करार आपोआप संपत नाही, तो संपवायचा की भरपाई मागून चालू ठेवायचा ही निवड दुसऱ्या बाजूची.

दोघांच्या संमतीने जुना करार सोडून नवा केला तर कलम ६२ लागतं आणि जुना पाळण्याची गरज उरत नाही. नव्या करारात ‘दि. … रोजीचा करार या कराराने संपुष्टात आला आहे’ ही ओळ हवीच. ती राहून गेली की दोन करार समोरासमोर उभे राहतात. कोणाचाही दोष नसताना काम अशक्य झालं तर कलम ५६ खाली करार शून्य होतो. महाग पडलं म्हणजे अशक्य झालं नव्हे.

हीच विभागणी लग्नातही आहे. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चं कलम ११ शून्य विवाहाचं, १२ शून्यनीय विवाहाचं आणि १३ घटस्फोटाचं. घटस्फोटाच्या अर्जात ‘विवाह रद्द व्हावा’ लिहिलेलं पाहिलं की न्यायालयाचा लिपिकसुद्धा विचारतो, नक्की कोणतं कलम?

पायरी ६: नोंदणीकृत दस्त. इथे घाई महाग पडते

साठेखत दोघांनी मिळून दुय्यम निबंधकाकडे जाऊन रद्द करता येतं, त्या दस्ताला व्यवहारात रद्दलेख म्हणतात. एकजण यायला तयार नसेल तर नोटीस आणि दिवाणी न्यायालय. बिल्डरकडे घेतलेल्या घराला रेरा कायदा लागू असेल तर शब्दही बदलतात: ताबा वेळेत न मिळाल्याने ग्राहक कलम १८ खाली प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह रक्कम मागतो, आणि बिल्डरला वाटप रद्द करायचं तर करारातल्या अटींप्रमाणेच.

खरेदीखत विकणाऱ्याने एकट्याने जाऊन रद्दलेख करून उलटत नाही. मालकी गेलेली असते. तिथे विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ३१ खाली दस्त रद्द करून मागण्याचा दावा लागतो. या दाव्यात मागणीची भाषा कोर्ट फी ठरवते. ज्याने स्वतः सही केली, त्याला ‘खरेदीखत रद्द करण्यात यावे’ अशी मागणी करावी लागते. ज्याची सहीच नाही, उदाहरणार्थ चुलतभावाने एकत्र कुटुंबाची जमीन परस्पर विकली, त्याने ‘सदर खरेदीखत बेकायदेशीर असून वादीच्या हिश्शावर बंधनकारक नाही असे जाहीर व्हावे’ असं मागायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. मुदत तीन वर्षांची, आणि ती दस्त रद्द करून मागण्याचा हक्क देणारी वस्तुस्थिती कळल्यापासून मोजतात.

बक्षीसपत्र दिल्यावर मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. संपत्ती हस्तांतरण अधिनियमाचं कलम १२६ मोजक्याच वाटा ठेवतं. पण आईवडिलांसाठी वेगळी सोय आहे: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ करण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलाने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरण, आपल्याकडे म्हणजे प्रांताधिकारी, ते हस्तांतरण शून्य जाहीर करू शकतात. अट दस्तातच लिहिलेली असावी की नाही यावर निकालांचा सूर वेगवेगळा आहे. त्यामुळे बक्षीसपत्र लिहून देताना ती एक ओळ घालायला लावा, पुढचा वाद वाचतो.

कुलमुखत्यारपत्र रद्द करता येतं, पण रद्द झाल्याचं मुखत्याराला आणि बाहेरच्यांना कळेपर्यंत त्याने केलेले व्यवहार तुमच्या गळ्यात पडू शकतात. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस या कारणासाठी असते. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल, उदाहरणार्थ विकसन करारासोबत बिल्डरला दिलेलं पत्र, तर संविदा अधिनियमाचं कलम २०२ आड येतं.

मृत्यूपत्र करणारा हयात आणि शुद्धीवर असेपर्यंत कधीही बदलू शकतो: नवं मृत्यूपत्र, तसाच साक्षीदारांसमोरचा रद्द करण्याचा लेख, किंवा रद्द करण्याच्या इराद्याने स्वतः फाडणं वा जाळणं. नुसती काट मारून पुरत नाही. लग्न केल्याने हिंदूंचं मृत्यूपत्र रद्द होत नाही, पण वसईच्या ख्रिस्ती किंवा दादरच्या पारशी अशिलाचं होतं.

फेरफार हा वेगळा विषय आहे आणि तिथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली फेरफार नोंद तलाठी खोडू शकत नाही. प्रांताकडे महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील करावं लागतं. आणि फेरफार रद्द झाला तरी खरेदीखत जागेवरच असतं. सातबारा हा मालकी ठरवणारा कागद नाही.

पायरी ७: नोटीस लिहा

घरमालकांच्या नोटिशीत हमखास दिसणारं वाक्य: ‘सदर करार आम्ही रद्द करत आहोत व तो कायमचा रद्द समजावा.’ यात तारीख नाही, अधिकार कुठून आला ते नाही, पैशांचं काय ते नाही. त्याऐवजी असं लिहा:

‘दि. … रोजीच्या लिव्ह अँड लायसन्स करारातील परिच्छेद ९ नुसार आम्ही आपणास एक महिन्याची आगाऊ नोटीस देत आहोत. सदर करार दि. … रोजी संपुष्टात येईल. त्या तारखेपर्यंतचे परवाना शुल्क व वीजबिल देणे आपणावर बंधनकारक राहील. अनामत रक्कम जागेचा रिकामा ताबा देतेवेळी परत करण्यात येईल. आमचे अन्य हक्क अबाधित ठेवून ही नोटीस देत आहोत.’

पहिल्या वाक्यात अधिकार, दुसऱ्यात तारीख, पुढच्या दोनांत मागे काय उरतं ते. परिच्छेदाचा आकडा तुमच्या करारातला घाला, लॉक-इनची मुदत (ज्या काळात करार मोडता येत नाही ती) संपली का ते बघा. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्काची मागणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली करता येते, त्यासाठी ‘संपुष्टात’ची तारीख स्पष्ट असणं जरुरीचं.

शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश बघा आणि त्या कायद्याची अधिकृत मराठी प्रत असेल तर तिच्यातला शब्द उचला, हिंदी प्रतीतला नव्हे. दाव्यात एकाच गोष्टीला पानापानावर वेगळा शब्द वापरू नका.

पायरी ८: संपल्याची नोंद सगळीकडे पाडा

नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, पावती फाईलला लावा. भाडेकरार असेल तर सोसायटी आणि पोलिस ठाण्यातली भाडेकरू नोंद, मुखत्यारपत्र असेल तर बँक आणि दुय्यम निबंधक. न्यायालयाने नोंदणीकृत दस्त रद्द केला तर हुकूमनाम्याची प्रत नोंदणी कार्यालयाकडे पाठवायची असते आणि तिथे दस्ताच्या प्रतीवर रद्द झाल्याची नोंद होते. प्रत खरंच गेली का, याचा पाठपुरावा वादीने स्वतः करावा. नोंद पडल्यावर इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा) काढून डोळ्यांनी पाहा आणि तीच प्रत जोडून फेरफाराचा अर्ज तलाठी कार्यालयात द्या, पोच घ्यायला विसरू नका.